काउन्सेलर निवडताना घाई नको, आणि ज्याला दारू सोडायचीय त्याला विचारल्याशिवाय तर नकोच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकलच्या डब्यात चिकटवलेले ते कागद सगळ्यांनीच बघितलेत, 'दारू सोडवा, पेशंटच्या नकळत, शंभर टक्के गॅरंटी' आणि खाली मोबाईल नंबर. तशाच जाहिराती आता पेपरच्या छोट्या जाहिरातींत येतात, व्हॉट्सॲपवर तर फॉरवर्ड होऊन रोजच येतात. आणि मला ओळखीच्या घरांतून सारखा एकच फोन येतो, "दादा, एखादा चांगला काउन्सेलर सांगा ना, ह्यांचं काही खरं नाही आता". मी एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं युनियनचं काम केलं, दारूपायी चार्जशीट मिळालेल्या माणसांच्या केसेस बघितल्या, त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात, सेंटरला जाऊन बसलो, त्यामुळे लोकांना वाटतं माझ्याकडे पत्ते असतील. पत्ते आहेतच, पण नुसत्या पत्त्याने काम होत नाही, काय बघून निवडायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधला गोळीचा भाग तेवढा कापू नका.

मला मुख्य एकच म्हणायचंय. घरच्यांनी परस्पर काउन्सेलर ठरवायचा, फी भरायची आणि माणसाला नेऊन खुर्चीत बसवायचं ही पद्धत बंद झाली पाहिजे. चौकशी घरच्यांनी करावी, दोन-तीन नावं काढावीत, पण कोणाकडे जायचं हे ज्याला व्यसन आहे त्याने ठरवावं, आणि तीन-चार भेटींनंतर नाही पटलं तर बदलायची त्याला मोकळीक असावी. मुलीला स्थळ बघताना आपण गावापर्यंत चौकशी करतो आणि तिला पसंत आहे का विचारतो, मग ज्या माणसासमोर आयुष्यभराचं लपवलेलं बोलायचंय तो माणूस मात्र कोणीतरी सांगितला म्हणून घ्यायचा, हे कसं काय?

पण काउन्सेलरच्याही आधी डॉक्टर. सकाळी हात थरथरतात म्हणून अर्धी क्वार्टर घेतल्याशिवाय ज्याला कामावर येता येत नाही अशा माणसाने दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे अजूनही बऱ्याच घरांना माहीत नसतं. आमच्याकडे श्रावणाच्या सुरुवातीला ही भीती कायम असायची. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून देवाचं नाव घेऊन कडक बंद. बहुतेकांचं निभावतं, पण ज्याचं शरीरच दारूवर चालत असतं त्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, घाम, ताप, रात्रभर कोणाशी तरी बडबड, आणि घरच्यांना वाटतं ह्याला बाहेरचं काहीतरी लागलंय. डॉक्टर त्याला डीटी म्हणतात, डिलिरियम ट्रेमेन्स, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. ह्यावर औषधं आहेत, बी-वन व्हिटॅमिन देतात, साधारण आठवड्या-दहा दिवसांत शरीर थाऱ्यावर येतं. म्हणून जो काउन्सेलर पहिल्याच भेटीत 'रोज किती लागते, शेवटची कधी घेतली, आधी कधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का' हे विचारत नाही आणि सरळ इच्छाशक्तीवर बोलायला लागतो त्याच्याकडून उठून यावं. त्याला ह्या कामातलं कळत नाही.

आता ती नकळत द्यायची पुडी. तिच्यात काय असतं ते कोणी सांगत नाही हाच पहिला धोका. आणि काही घरांत डायसल्फिरामची गोळी कुटून चहात, आमटीत घालतात, कारण ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली येतं, आणि घरच्यांना वाटतं चला, आता घाबरून सोडेल. गोळी वाईट नाहीये, मी ती घेऊन सावरलेली माणसं बघितलीत, पण ती डॉक्टरने तपासून, लिव्हर आणि हार्ट बघून, पेशंटला सगळं समजावून द्यायची गोळी आहे. ज्याला माहीतच नाही तो त्या दिवशी नेहमीसारखी अर्धी बाटली पिणार, आणि त्यात तो दगावू शकतो. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आणि समजा जीव वाचला, तरी आपल्याच घरातल्या ताटावरचा विश्वास गेला की तो माणूस परत कोणाचं ऐकेल का? तुमच्या पेपरने निदान 'नकळत' हा शब्द असलेली जाहिरात घेऊ नये, माझी हात जोडून विनंती आहे.

कोण कोण असतं ते पण थोडक्यात सांगतो कारण लोकांचा गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, औषध तो देतो, त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकोलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते, त्याला सीआरआर नंबर असतो, तो विचारला तर चांगला माणूस लगेच सांगतो, रागावत नाही. काउन्सेलर ही पाटी मात्र कोणीही लावतो, कोणी सोशल वर्क शिकलेला असतो, कोणी सायकॉलॉजीत एमए असतो, कोणी वीकेंडचा कोर्स करून आलेला असतो. शिक्षण काय, व्यसनाचे पेशंट किती वर्षं बघताय, अडचण आली तर कुठल्या डॉक्टरशी बोलता, हे तीन प्रश्न कोणालाही विचारता येतात. नुसतं नवरा-बायकोच्या भांडणाचं किंवा दहावीच्या मुलांचं काउन्सेलिंग करणाऱ्याला गर्द (ब्राउन शुगर), एमडी नावाचं ड्रग किंवा दारूची केस झेपेलच असं नाही.

पण डिग्री बघून झाल्यावर खरी गोष्ट उरतेच. आमच्या वर्कशॉपमध्ये एक फिटर होता, हात इतका चांगला की मशीन बंद पडलं की साहेब आधी त्याला शोधायचे, आणि पगाराच्या दिवशी बायको गेटवर उभी. त्याला एका ठिकाणी नेलं तिथे चांगल्या शिकलेल्या बाई होत्या, त्यांनी पहिला पाऊण तास मुलांच्या भविष्यावर, लिव्हरवर, समाजात काय इज्जत राहिली ह्याच्यावर घालवला. तो मान खाली घालून हो हो म्हणत राहिला आणि बाहेर आल्यावर सरळ बारमध्ये. त्या बाई जे बोलल्या त्यातलं एकही वाक्य त्याने आधी ऐकलेलं नव्हतं असं नाही, बायकोने, आईने, मी, सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. पुढे दुसऱ्या एका काउन्सेलरकडे गेला, वयाने त्याच्यापेक्षा लहान मुलगा, त्याने विचारलं, "तुम्ही श्रावण पाळता म्हणालात, मग मागच्या श्रावणात महिनाभर कसं काय जमलं? संध्याकाळी काय करायचात? मित्र बोलवायला आले तर काय सांगायचात?" आणि हा माणूस बोलायला लागला. त्याला वाटायचं आपण अगदी वाया गेलेलो आहोत, आणि इथे कोणीतरी त्याला जमलेली गोष्ट विचारत होतं. मग त्याच मुलाने विचारलं की दारूने तुम्हाला नक्की काय मिळतं, आणि ह्याने सांगितलं की झोप, सेकंड शिफ्टनंतर झोपच येत नाही. घरात इतकी वर्षं भांडणं झाली पण हे कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

हे काही त्या मुलाच्या मनातून आलेलं नव्हतं, ही शिकायची पद्धत आहे. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ती मांडली, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात, माणसाला पटवत बसायचं नाही, त्याच्याच तोंडून बदलाची कारणं येऊ द्यायची. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी १९८० मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की ज्या काउन्सेलरला समोरच्याचं मन लावून ऐकता येतं, समजून घेता येतं, त्याचे पेशंट पुढे जास्त सावरलेले होते. नंतर अमेरिकेतच प्रोजेक्ट मॅच म्हणून मोठा अभ्यास झाला, १,७२६ पेशंट, तीन वेगवेगळ्या पद्धती, १९९७ मध्ये निकाल आला आणि तिन्ही पद्धतींच्या गुणात फारसा फरक निघाला नाही. मी काही डॉक्टर नाही, पण ह्याचा अर्थ मला असा लागतो की कुठली थेरपी ह्यावर घरच्यांनी डोकं फोडत बसू नये, त्यापेक्षा माणूस त्या खोलीतून बाहेर आल्यावर त्याला विचारावं, बोलावंसं वाटलं का, परत जावंसं वाटतंय का. तो 'हो' म्हणाला तर निम्मं काम झालं. तो 'त्यांना पटेल असं बोललो' म्हणाला तर दुसरा शोधावा.

घरच्यांनी अजून एक करायचं नाही ते म्हणजे काउन्सेलरला फोन करून 'तो काय म्हणाला' विचारायचं. फी आपण भरतो म्हणून आतलं बोलणं आपलं होत नाही. उपचारातली माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये पेशंटचा हक्क आहे आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही त्या कायद्यात येतात. जिवाला धोका वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, ते चांगला काउन्सेलर पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगतो, कुठलं बोलणं बाहेर जाणार नाही आणि कुठलं सांगावंच लागेल. जो काउन्सेलर बायकोला बाजूला घेऊन सगळं सांगतो तो तिला बरा वाटतो, पण नवरा त्याच्याकडे पुढच्या वेळी खोटं बोलणार हे नक्की. घरच्यांसाठी वेगळी बैठक मागा, वेगळा काउन्सेलर मागा, ॲल-ॲनॉन म्हणून गट आहे, त्याच्या मीटिंगा फक्त पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच असतात तिथे जा. त्या बाईचं पण आयुष्य दहा-पंधरा वर्षं त्याच्या बाटलीभोवती फिरलेलं असतं, तिलाही कोणीतरी विचारायला पाहिजे की तुम्हाला झोप लागते का.

स्लिपबद्दल आधीच विचारा. म्हणजे मध्ये कधी पुन्हा प्यायलो तर तुम्ही काय करता? व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे, डायबेटीस, बीपीसारखं त्याला सांभाळत राहावं लागतं. जो म्हणतो माझ्याकडे आलेला परत पीतच नाही तो खोटं बोलतोय. जो म्हणतो प्यायलास तर इथे यायचं नाही, त्याच्याकडे माणूस नेमका गरजेच्या दिवशी जाणार नाही. जो म्हणतो प्यायलात तर दुसऱ्याच दिवशी फोन करा, आपण बघू कुठे घसरलं, पगाराचा दिवस होता का, कोण भेटलं होतं, त्याच्याकडे जावं. मात्र गर्दवाल्यांच्या बाबतीत एक गोष्ट काउन्सेलरने स्पष्ट सांगितलीच पाहिजे, काही महिने बंद ठेवून पुन्हा जुनाच डोस घेतला तर शरीराची सवय गेलेली असते आणि ओव्हरडोसने माणूस जागेवर जाऊ शकतो.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेले काउन्सेलर असतात त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात. माझं मत चांगलं आहे. पुण्याचं मुक्तांगण, जे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, तिथे बरे झालेले मित्रच पुढे कामाला लागले, आणि इथे वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं ते स्वतः ह्यातून गेलेले. अशा माणसासमोर लपवाछपवी चालत नाही, आणि 'तुला काय कळणार' हे वाक्यही चालत नाही. फक्त ट्रेनिंग घेतलंय का ते बघावं, कारण नुसतं 'मी असा सुटलो, तू पण असाच सूट' म्हणणाऱ्याकडे ज्याचा रस्ता वेगळा आहे तो अडकतो. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचाच गट, त्याच्या मीटिंगा वेगळ्या, तिथे काउन्सेलर नसतो, सगळे सारखेच, फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, मुंबईत मराठीतूनही होतात. काउन्सेलिंग चालू असताना मीटिंगला जायला काहीच हरकत नाही, उलट आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या काउन्सेलरपेक्षा रोज संध्याकाळी एक खोली उघडी असणं काही जणांना जास्त उपयोगाचं पडतं.

व्यसनमुक्ती सेंटरला ठेवायचं असेल तर तिथे आधी स्वतः जाऊन या, हे मी फार कळकळीने सांगतो. जागा, संडास-बाथरूम, जेवण बघा, डॉक्टर रोज येतो का, रात्री फिट आली तर कुठे नेणार, रजिस्ट्रेशन कुठंय ते विचारा. आत बघू देत नसतील, महिनाभर फोन नाही भेट नाही म्हणत असतील तर नका ठेवू. काही ठिकाणी रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेतात, मारहाण करतात, डोकं भादरतात, आणि घरच्यांना सांगतात की ह्याशिवाय सुधारत नाहीत. वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याच्या विसाव्या कलमात जबरदस्तीने मुंडण करायला मनाई आहे, क्रूर वागणुकीपासून संरक्षण आहे, पैसे न देता कामाला जुंपायला मनाई आहे. इच्छेविरुद्ध ठेवायचंच झालं तर त्याची रीत आहे, दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातला एक सायकियाट्रिस्ट असावा लागतो. मार खाऊन आलेला माणूस चार महिने घाबरून राहतो आणि मग दुप्पट पितो, आणि कुठल्याच काउन्सेलरचं तोंड बघायला तयार होत नाही, हे मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय.

पैशाचं म्हणाल तर महागड्या क्लिनिकची गरज नाही. केईएम, नायर, सायन, जेजे इथे मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, लाइन असते, अर्धा दिवस जातो, पण डॉक्टर आणि समुपदेशन दोन्ही तिथे मिळतं. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दोन्ही फुकट. अंतर मात्र बघा. डोंबिवलीच्या माणसाला वांद्र्याचा नावाजलेला काउन्सेलर मिळाला तरी लोकल बदलून, सुट्टी टाकून तो किती आठवडे जाणार? फॉलोअप तुटतो आणि मग सगळंच तुटतं. साधा काउन्सेलर चालेल पण शिफ्ट संपल्यावर गाठता येईल असा, आणि ज्याच्याशी आपल्या मराठीत, रडताना जसं बोलतो तसं बोलता येईल असा. इंग्रजीत 'आय ॲम फाइन' म्हणून माणूस सुटका करून घेतो.

आणि दारू बंद झाली म्हणजे काउन्सेलरचं काम संपलं असं समजून घरचे पैसे वाचवायला बघतात, तिथेच घात होतो. संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ त्या माणसाकडे कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच रिकामा आलेला असतो. राग तसाच असतो, कर्ज तसंच असतं, मुलगा बोलत नसतो, बायकोने एटीएम कार्ड परत दिलेलं नसतं, आणि लग्नाकार्यात सगळे टोपणनावाने चिडवत असतात. झोप कशी आणायची, 'नाही' कसं म्हणायचं, हातात पगार आल्यावर पहिला थांबा कुठे घ्यायचा, जुन्या मित्रांचं काय करायचं, बायकोचा संशय कसा सहन करायचा, ह्या बारीकसारीक गोष्टींवर जो काउन्सेलर महिनोन्महिने काम करतो तो खरा. त्या फिटरच्या बाबतीत त्या तरुण काउन्सेलरने डॉक्टरकडून झोपेचं बघून घेतलं, आम्ही युनियनकडून मॅनेजमेंटशी बोलून त्याला काही महिने फर्स्ट शिफ्टला घेतलं, आणि तो संध्याकाळी वाडीतल्या भजनी मंडळात पखवाजाला बसायला लागला. मध्ये घसरलाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः त्या काउन्सेलरला फोन केला, आम्हाला कोणाला सांगायच्या आधी.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेला देशभराचा सर्व्हे आला, त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं आलं होतं. म्हणजे ३७ घरं काउन्सेलरच्या दारापर्यंतच पोचत नाहीत, आणि जे एक पोचतं ते जर चुकीच्या माणसाकडे किंवा त्या लोकलमधल्या पुडीकडे गेलं तर काय उपयोग.

म्हणून संपादक साहेब, तुमच्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. पहिली म्हणजे ती जाहिरातीची, वर लिहिलीच आहे. दुसरी, पालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलांच्या मानसोपचार ओपीडीचे वार आणि वेळा तुमच्या वार्ताहरांनी स्वतः जाऊन खात्री करून एका चौकटीत छापाव्यात, सोबत वरचे दोन हेल्पलाइन नंबर, आणि रोज पिणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये ही एक ओळ ठळक अक्षरात. गटारीच्या आधीच्या आठवड्यात छापलीत तर फार बरं होईल, त्या दिवसांत मटणाच्या दुकानापासून सलूनपर्यंत सगळीकडे पेपर वाचला जातो.

आपला,
एक जुना वाचक, भांडुप